हरलेल्याचे पेढे

“हरलो तर त्याच दिवशी मारोतरावच्या घरी पेढे पोहोचवजो. मी नसलो तरी,” जाण्याआधी हे मला म्हणाले होते. मी देवासमोर हो म्हटलं.

नेरच्या मैदानावर यांचा नवयुवक फुटबॉल क्लब आणि मारोतरावांचा बजरंग. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या घरी पेढे घेऊन जायचं, हा दोघांचा तीस वर्षांचा नेम. पेढे खाताना टोमणेही व्हायचे. “मारोत्या, पोरायले खेळवाले आणतं का फिरवाले?” हे विचारायचे.

यंदा कापसाला भाव नव्हता, गावात वर्गणी जमली नाही. एका बियाणे कंपनीनं दोन्ही क्लब घेतले आणि त्यांचा एकच संघ केला. आमचा लाल गेला, त्यांचा पिवळा गेला. सगळ्या पोरांच्या पाठीवर बियाण्याच्या पाकिटाचं चित्र आलं. रविवारी त्या संघानं यवतमाळच्या संघाला चार गोलांनी हरवलं.

संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावत होते. मारोतराव दारात आले. हातात पेढ्यांचा पुडा.

“भाऊजी, आज तर आपण जिंकलो ना?”

“कंपनी जिंकली, वहिनी. माहा बजरंग त हरला.”

त्यांनी पुडा यांच्या फोटोपुढे ठेवला. टोमण्याची वाट पाहावी तसे थोडा वेळ उभे राहिले, मग गेले.

मी दिव्याची वात सारखी केली, डोक्यावर पदर घेतला आणि पेढे आणायला निघाले. नवयुवकही आजच हरला होता.