हीटरवरचे कांदे

मिस्त्रीनं हीटरवरचे कांदे उचलून टेबलावर ठेवले. मग लसूण. मग वाळत घातलेले, म्हणजे आठवडाभर ओलेच असलेले मोजे. शेवटी भिंतीला टेकलेला तो पांढरा, फासळ्या-फासळ्यांचा हीटर उघडा पडला, तेव्हा खोलीतल्या तिघीही त्याच्याकडे नव्या पाहुण्याकडे बघावं तशा बघायला लागल्या. दोन हिवाळे त्यांनी त्याला फडताळ म्हणूनच वागवलं होतं.

तिघींच्या डोक्यावर कानटोप्या होत्या, अंगावर रजया. परदेशात शिकायला आलेल्या मुली घरात अशा का बसतात, हे घरमालकीणबाईंना काही कळलं नव्हतं. परवा त्या सहज डोकावल्या, बोलताना स्वतःच्याच तोंडातून वाफ निघालेली पाहून दचकल्या आणि "अगंबाई, हीटर बंद पडलाय की तुमचा!" म्हणून मिस्त्री पाठवून मोकळ्या झाल्या.

हीटर बंद पडला नव्हता. तो कधी लावलाच नव्हता. पण हे सांगणार कोण? आणि कराराप्रमाणे बिघाड निघाला तर मिस्त्रीचे पैसे मालकिणीचे, नाही निघाला तर भाडेकरूंचे. मिस्त्री नुसता येऊन गेला तरी तिघींचा महिन्याचा किराणा घेऊन जाणार होता.

"देवा, बिघडलेला निघू दे रे," चिमणी पुटपुटली. चिमणी म्हणजे तिघींतली धाकटी.

"हळू. त्यांना कळेल," डॉक्टरीण म्हणाली. तिची पीएच.डी. अजून व्हायची होती, पण आईनं गावभर आधीच करून टाकली होती.

"मराठी कळेल त्यांना?"

"तोंडं कळतील गं आपली."

तिसरी मनात मिस्त्रीचे पैसे मोजत होती. ती अर्थमंत्रीण. घरखर्च तिच्या हाती. खोली सोडून जाणाऱ्या मुलींनी किल्ल्यांबरोबर तिला एक मंत्र दिला होता : बाकी काहीही कर, हीटरला हात लावू नकोस, बिलात धुऊन निघशील. मंत्र तिनं निष्ठेनं पाळला. विजेचं बिल इतकं कमी यायचं की कॉलेजातल्या इतर मुली सल्ला घ्यायला यायच्या. तीही तो द्यायची, बोटांवर फुंकर घालत. हीटरच्या वरच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली होती. तेलाचा कधीच दगड झाला होता. चमच्याच्या दांड्यानं तो खरवडायचा आणि मिळेल तेवढा चुरा डोक्याला चोळायचा, हे आता तिघींच्या अंगवळणी पडलं होतं.

मिस्त्रीनं हीटरचा कॉक फिरवून पाहिला. हलेना. तिघींचे चेहरे उजळले.

त्यानं पेटीतून पाना काढला आणि जोर लावला. कॉक करकरला, आणि फिरला. हीटरच्या पोटात कुठंतरी गुडगुड झाली. तिघींचे चेहरे पडले.

मग ऊब आली.

आधी ती पायांना कळली. चिमणीनं कानटोपी काढली आणि ती हातात धरून तशीच उभी राहिली. डॉक्टरिणीच्या खांद्यावरून रजई घसरली, तिनं सावरली नाही. "आई गं," एवढंच म्हणाली, तेही कुजबुजत. जरा मोठ्यानं बोललं तर ऊब उडून जाईल, असं काहीतरी.

"बास बास काका, बंद करा!" अर्थमंत्रीण तिथल्या भाषेत ओरडली. 'काका' तेवढं मराठीत निघालं. "चालतो, कळलं! बिल येईल."

"कसलं बिल?"

"ह्याचंच. हीटरचं."

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. मग कांद्यांकडे. "अहो, सगळ्या इमारतीला खाली एकच बॉयलर आहे. त्याचे पैसे भाड्यातच घेतात. लावा, नाहीतर नका लावू."

हीटर गुडगुडला.

"करारात नव्हतं का गं?" डॉक्टरिणीनं हळूच विचारलं.

"'सर्व सुविधांसह' असं होतं," अर्थमंत्रीण म्हणाली. "मला वाटलं, दारं-खिडक्या."

"म्हणजे दोन हिवाळे आपण..."

"भरलेत. दर महिन्याला. वेळेवर."

इतकी कडक बचत त्या इमारतीत आजवर कुणी केली नसेल. त्यातला एक पैसा कुठं सापडला नसता, ही गोष्ट वेगळी.

"आणि... तुमचे पैसे?" अर्थमंत्रिणीनं विचारलं. तिचा आवाज कापत होता, आणि आता त्याला थंडीचं निमित्तही उरलं नव्हतं.

"मालकीणबाई देतील. बिघाड होता ना. कॉक अडकला होता." मिस्त्रीनं पाना पेटीत टाकला. "न वापरल्यानं अडकतो." दारापाशी जाऊन तो परत वळला. "आणि कांदे ठेवू नका त्याच्यावर. शिजतील."

दार लागलं. अर्थमंत्रीण उठली आणि सवयीनं तिचा हात कॉककडे गेला. दोघींनी श्वास रोखला. हात कॉकवर टेकला, थांबला, मग तिथून घसरून हीटरच्या पाठीवर आला आणि तिथंच राहिला. थोड्या वेळानं तिनं दुसराही हात ठेवला.

"ए, ते बघा," चिमणी म्हणाली.

फळीवरच्या बाटलीत तेलाचा पांढरा दगड कडेनं सुटला होता. मध्ये गोळा, भोवती पाण्यासारखं पातळ तेल. तिनं बाटली उतरवून हीटरपुढच्या स्टुलावर ठेवली आणि तिघी हीटरला पाठ लावून तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. अभ्यास होता, भांडी होती, कुणाला काही आठवलं नाही. गोळा लहान होत गेला. सुपारीएवढा झाला, मग वाटाण्याएवढा. मग तोही दिसेना, आणि बाटलीतून आरपार, पलीकडच्या टेबलावरचे कांदे दिसायला लागले.