कपाळावरचा पैसा

अप्पा गेले. इथल्या तमिळ रीतीप्रमाणे आईनं त्यांच्या कपाळावर गंध लावून नाणं चिकटवलं. रुपया नव्हे, जन्मभर नाणी जमवणाऱ्या अप्पांचा सगळ्यांत लाडका, तांब्याचा जुना पैसा. अड्यारच्या घरी माणसं जमत होती, तेवढ्यात धाकट्या भावानं अप्पांना ठेवलेल्या फ्रीझर बॉक्सची काच सरकवून तो पैसा काढला. अप्पांनी शिकवलं होतं तसं, फक्त कडेनं धरून. तिथं नवा रुपया ठेवला. मी त्याचं मनगट धरलं. “अक्का, त्या साली थोडेच पाडले होते, तेही बहुतेक वितळवले. असा दुसरा मिळत नाही. जाळायचा?” “आणि अप्पा दुसरे मिळतात?” त्यानं पैसा खिशात टाकला. पण रुपया आकारानं लहान. त्याच्याभोवती गंधात जुन्या पैशाची गोल खूण उघडी राहिली. “गंध लाव गं,” मामा पुटपुटले, “लोक बघतील.” “बघू देत. विचारलं की याचा खिसा दाखवीन.”