मागची गाडी

जंगलातल्या बंद पडलेल्या खाणीची वाट. पुढच्या गाडीत नवरा, मागच्या गाडीत बायको. खडीच्या उतारावर गाडी घसरायला लागली, तशी ती जीव मुठीत धरून इंचाइंचाने खाली आली. फाट्यावर पाहते तर नवरा इंजिन बंद करून तिचीच वाट बघत उभा!

"अगंबाई, तू चक्क थांबलास?"

"म्हणजे काय! मागची गाडी आरशात दिसल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. डोंगरातला नियमच आहे तो."

पुढच्या प्रत्येक फाट्यावर तो असाच थांबला. इतक्या वेळा तो अख्ख्या संसारात तिच्यासाठी थांबला नव्हता. आपण उगाच याच्या नावाने बोटं मोडतो की काय, असंही तिला वाटून गेलं.

खाली डांबरी रस्ता लागला आणि तो सुसाट सुटला. चौकात तिने गाडी हळू केली. घर उजवीकडे, माहेर डावीकडे. त्याच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा लागतो का, ते तिने पाहिलं. मग शांतपणे डावीकडे वळली.

ती मागे नाही, हे त्याला दाराशी गेल्यावर कळलं. तेही किल्ली तिच्याकडे होती म्हणून.