पहिला नंबर

"पहिला नंबर त्या पियानोवाल्या गाण्याला," दादा पलंगावरून म्हणाला.

वकिलाने मान डोलावली. ड्रमवाला म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

हार्ड रॉकमधलं सर्वांत भारी गाणं कोणतं, यावरून हे तीन मित्र कॉलेजपासून दर शनिवारी भांडत आले होते. एकदा वकील तावातावाने अनवाणीच घरी गेला होता. एका गिटारच्या तुकड्यावरून ड्रमवाल्याने मैत्री मोडायचीच बाकी ठेवली होती. पण दादाची बायपास झाली आणि डॉक्टरांनी बजावलं, त्यांना त्रास होईल असं बोलू नका. मित्रांनी ते फारच मनावर घेतलं. तेव्हापासून दादा म्हणेल ती पूर्व दिशा.

त्या गाण्यात ड्रम शेवटच्या कडव्यापर्यंत वाजतच नाही. ड्रमवाल्याला हे पाठ होतं. तरी त्याने होकार दिला होता.

दादाची धाकटी बहीण बसमधून उतरून थेट आली होती आणि दारातच थांबून हे ऐकत होती. वहिनीने तिला डोळ्यांनी खुणावलं, नको.

बहिणीने खांद्यावरची बॅग खाली टाकली.

"दादा, ऑपरेशन हृदयाचं झालं ना? मग कान कुणी काढून नेले?"

वकिलाचा चहाचा कप तोंडाशीच थांबला.

"हे हार्ड रॉक? ह्याच्यावर तान्ही बाळं झोपतात! पहिला नंबर कसला, मी ह्याला दारातसुद्धा उभं करणार नाही."

"अगं, हळू," वहिनी पुढे झाली. "त्यांना सोसायचं नाही."

दादाचा चेहरा लाल झाला. खोकताना धरायला सांगितली होती तशी त्याने उशी छातीशी आवळली. खांदे गदगदू लागले. ड्रमवाल्याने घाईघाईने डॉक्टरांचा नंबर शोधायला घेतला.

दादा हसत होता. टाके दुखत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू काही थांबत नव्हतं.

"बस इथं," बहिणीचा हात धरून तो कसाबसा म्हणाला. "बरं झालं आलीस. दर शनिवारी मी आधीपेक्षा टाकाऊ गाणं पहिलं ठेवतोय, कोणी भांडेल तर शपथ! हे दोघं महिनाभर मला पोहोचवायला आल्यासारखे बसलेत."