गळलेली ओळ

"टाळेबंदीची सूचना जनतेला अवघे चार तास आधी मिळाली, पूर्णविराम. हे सरकारचे अपयश की निरुपाय, स्वल्पविराम, यावर आजही वाद होतो, पूर्णविराम," सीतारामने वाचलं.

युसूफने प्रुफातल्या ओळीखालून लाल पेनाचं टोक फिरवलं. बरोबर होती. वाद होतो म्हणे, तो मनात म्हणाला. व्हायचा एके काळी.

नारायण पेठेतल्या त्या छापखान्यात दोघं एकतीस वर्षं असेच समोरासमोर बसत आले होते. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रूफ तपासायचं. यांच्या तावडीतून सुटलेली चूक शोधायला दुर्बीण लागेल, असं छापखान्याची मालकीण पायल म्हणायची. कामात असे एकजीव, पण चहाच्या वेळी एकमेकांचं एक वाक्य धड पुरं होऊ देतील तर शपथ. महामारीत तर त्यांची पर्वणीच झाली. सीतारामने गॅलरीत उभं राहून थाळी इतक्या निष्ठेने बडवली होती की तिला पोचे आले. युसूफ रोज विचारायचा, "काय रे, पळाला का विषाणू आवाजाने?" सीताराम उसळून म्हणायचा, "एवढ्या अवाढव्य देशाला सरकारने फुकट लस टोचली, ती दिसत नाही का तुला?" "आणि डोक्यावर बोचकी घेऊन मजूर गावापर्यंत चालत गेले, ते दिसले नाहीत का तुला?" या नादात चहा निवायचा आणि पायलला दुसरा मागवावा लागायचा.

मग एका दुपारी बोलण्याच्या भरात सीताराम म्हणून गेला, "तुम्हा लोकांना सरकारने काहीही केलं तरी पटायचंच नाही."

इतक्या वर्षांत 'तू'चं अनेकवचन पहिल्यांदाच झालं होतं. "तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला?" युसूफने विचारलं. सीतारामला आपण काय बोलून बसलो ते कळलं नसेल असं नाही, पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. तो मूळ प्रतीत डोकं घालून बसला.

तेव्हापासून गेली चार वर्षं दोघांमध्ये फक्त मजकूर उरला होता. पुणेकर रागावला की शिवी देत नाही, 'आपण' म्हणतो. या दोघांनी तर तेवढंही ठेवलं नाही. "पायल, यांना विचार, पान उलटू का?" आणि 'हे' बसलेले दोन फुटांवर. पायल बिचारी दुभाष्याचं काम करून कंटाळली.

आणि आज शेवटचं पुस्तक होतं. शनिवारी सीताराम मुलीकडे विश्रांतवाडीला कायमचा राहायला निघाला होता, आणि पेठेतल्या माणसाला विश्रांतवाडी म्हणजे परगावच. पुस्तक एका निवृत्त डॉक्टरांचं, आणि विषय नेमका तोच: महामारीच्या परीक्षेत सरकारला गुण किती? युसूफला गुणांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला सीतारामच्या तोंडून मजकुराबाहेरचा एक शब्द हवा होता. चांगला नसला तर वाईटही चालला असता. आपण होऊन बोलायला मात्र त्याची जीभ रेटत नव्हती, कारण लागलं होतं त्याला. पानं तर भराभर संपत चालली होती.

शेवटचं पान आलं. सीतारामने घसा खाकरला. पाणी प्यायला. पुन्हा खाकरला.

"वाद सरकारच्या कामाचा होता, स्वल्पविराम, तो माणसावर नेला ही माझी चूक झाली, पूर्णविराम."

युसूफचं पेन अडलं. ओळ सापडेना. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, मागचं पानही चाळलं. मग एकतीस वर्षांच्या सवयीने त्याने मजकूर आत घ्यायची खूण केली, समासात ते वाक्य भराभर लिहून काढलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "पायल! यांना सांग, प्रुफात अख्खी ओळ गळलीय. टाइप करणारा डुलक्या घेत होता काय?"

पायल बाहेर येईपर्यंत सीतारामने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

"मूळ प्रतीतही नाही रे ती," तो थेट युसूफला म्हणाला. "माझी आहे."

युसूफने मूळ प्रत ओढून घेतली आणि पाहिली. खरंच नव्हती. त्याला एकदम हसू फुटलं. इतका हसला की खुर्ची करकरली, डोळ्यांना धार लागली. कित्येक वर्षांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"लेका, माफी मागतोस तीही विरामचिन्हांसकट!"

"सवय," सीताराम म्हणाला. "आणि नीट ऐक. चूक माझी झाली, सरकारची नाही. सरकारने काम उत्तमच केलं."

"चार तासांत?"

"लस विसरलास वाटतं!"

"तू बोचकी विसरलास!"

पायलने कोणालाही न विचारता तीन चहा सांगितले. युसूफ डोळे पुसत समासातलं वाक्य खोडायला वाकला, तसं सीतारामने प्रूफ आपल्याकडे ओढलं. चष्मा लावून त्याने ती लाल ओळ वाचली. युसूफने घाईघाईत लिहिलं होतं, 'माझी चुक झाली'.

"चू दीर्घ," सीताराम म्हणाला. "चांगली चार वर्षांची आहे."