नदीची ओटी

पंचगंगेला पूर आला की मल्लव्वा गावच्या कुरणाच्या कडेला उभी राहून नदीची ओटी भरायची. खण-नारळ सोडला की पाणी चार-आठ दिवस त्या कुरणात पसरून बसायचं आणि मुकाट माघारी जायचं. नदी मल्लव्वाच्या ओटीला मान देते, असं सगळं गाव म्हणायचं. मल्लव्वालाही तसंच वाटायचं. म्हणून तर प्लॉट पाडण्यासाठी कुरणात भराव टाकायचा विषय निघाला, तेव्हा ग्रामसभेत पहिला हात तिनंच वर केला.

"गवताबिगर काय उगवतंय तितं? टाका की."

यंदा पाणी थेट दारात आलं. मल्लव्वानं उंबऱ्यावरच ओटी भरली, तर नारळ तरंगत माजघरात गेला. तिनं दुसरी ओटी भरली. मग ट्रंकेतला स्वतःच्या लग्नाचा शालू काढून पाण्यात सोडला. "माझं ऐकंल ती," म्हणत तिनं म्हशीचं दावंसुद्धा सोडू दिलं नाही. पाणी कमरेच्या वर चढलं आणि गोठ्यातलं रेकणं थांबलं, तेव्हा लेकानं, महांतेशनं, तिला उचलून बोटीत घातलं.

बोट कुरणातल्या भरावाला लागली. अख्ख्या गावात तेवढीच जागा कोरडी होती. महांतेशनं ताडपत्री अंथरली.

"अव्वा, बस की हितं."

मल्लव्वा पाण्याकडं बघत उभीच राहिली.

"आपण हितं बसल्यावर तिनं कुठं बसायचं रं?"