पुंजाजीची खुर्ची

निजामाचं राज्य गेलं आणि गावच्या कमिटीत पहिल्यांदाच धनगरांचा एक माणूस घेतला. पहिल्या बैठकीहून परतलेल्या पुंजाजीला वस्तीनं खांद्यावरच उचललं.

"पाटलाच्या बराबरीनं खुर्ची देली मला," तो सांगत होता.

"अन् आपल्या मेंढरांचं गायरान?" मसाजीनं विचारलं.

"ते पाटलाला देलं. पण मला इचारून, बराबर माझा अंगठा घेऊन."

मसाजी काठी घेऊन पाटलाच्या वाड्याकडं निघाला, तशी वस्तीतल्याच चौघांनी त्याची काठी हिसकावली. "तुह्या बापाला चावडीत कोणी बस म्हणलं व्हतं का? आता आपला माणूस हाय तिथं. काहून भांडतो?"



मागल्या साली पाटील शिपाई घेऊन गायरान बळकावायला आला, तेव्हा याच चौघांनी त्याला काठ्यांनी पिटाळून लावलं होतं.